रकाना अकरा

निवडणूक लागली की ठाण्यात बंदुका येतात
जुन्या लुगड्यात गुंडाळून, एसटीच्या मागच्या बाकावरून.
एक तर सुक्या बांगड्यांच्या पाटीखालून आली,
अजून वास येतो दस्त्याला.
मी पावती फाडतो : नंबर, एकनळी की ठासणीची,
घोडा ढिला, पट्टा नाही.
बाबल्या मेस्त दर खेपेला बजावतो,
'नळयेक तेल लावा हां हवालदारानू, खारो वारो लागता.'
गाभण म्हैस शेजाऱ्याकडे सोपवताना सांगावं तसं.

नोंदीवर एकतीस, जमा एकोणतीस.
दोघे मुंबईला असतात, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे.
असं घरचे सांगतात.

संध्याकाळी चहाला मतं निघतात.
कांगणे मॅडम घाटावरच्या, नव्या फौजदार.
त्यांच्या मामाच्या वरातीत हवेत बार काढला
तो मांडवाचा पत्रा फोडून वाढप्याच्या खांद्यात उतरला.
'एकही परत देऊ नये,' म्हणतात,
'डुकरांना कुंपण घालावं, सौर.'
शिपाई घाडी बशीत फुंकर मारतो.
त्याचं शेत कातळावर, खांब रोवायचा तर सुरुंग लावावा लागेल.
'मॅडम, डुकराक परवानो लागत नाय.'
मुकादमसाहेब येत्या जूनला निवृत्त.
छत्तीस वर्षं पिस्तूल कमरेला, सरावाबाहेर एक गोळी नाही.
'ज्याला ती हवीशी वाटते त्याला देऊ नये,' म्हणतात,
आणि थोड्या वेळाने, आपलंच बोलणं चघळत,
'पण हे अर्जात कुठे लिहिणार?'

मला कुणी विचारत नाही.
मला फक्त कागद येतात.

सुगंधा न्हानू तिर्लोटकर, वय सेहेचाळीस, शेती.
नवऱ्याची बारा बोअर वारसाहक्काने माझे नावे व्हावी.
ती खोलीत आहे, वेगळ्या फळीवर :
निवडणुकीची नव्हे, खटल्याची.
पंचनामा माझ्याच हातचा.
भात पोटरीला आलेलं, अंतर वीस पावलं,
न्हानू आपल्याच शेतात ओणवा,
बंदूक न्हानूचीच, हात मेव्हण्याचा.
बॅटरी गवतात पडून उजाडेपर्यंत पेटलेली,
पिवळी पिवळी होत गेलेली.
'डुकर समजान मारलंय,' तो म्हणत राहिला
इतक्यांदा, की मी लिहायचं थांबलो.

परवा चौकशीला गेलो.
अंगणात सोलं वाळत होती, ती ओणवी होऊन परतत होती.
मागे भुईमूग उकरलेला, कुणी नांगर उलटा घातल्यासारखा.
'चालवता येते?'
'नाय. शिकान.'
'भीती नाही वाटत तिची?'
'तिची कित्याक? ती गपच आसता.'
मी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.
'आणि भाऊ?'
'सुटान इलो. काजी गोळा करूक मदत करता.'
लाल झालेली बोटं तिने पदराला न पुसता
तशीच लांब धरली, माझ्यापासून, साडीपासून.
'तोच शिकयतलो म्हणता माका.'

रकाना अकरा : पोलीस ठाण्याचा अभिप्राय.
जागा तीन बोटं.
मॅडमनी दोनदा विचारलं, झालं का?
घाडी रात्रपाळी बदलून घेऊन
भुईमुगाशी पत्र्याचा डबा बडवायला गेलाय.
मी मुद्देमालाची खोली उघडली, चिंधी घेतली,
बाबल्याच्या नळीपासून सुरुवात केली,
एकोणतीस झाल्या.
तिसावीच्या दस्त्यावर खिळ्याने कोरलंय न्हा. ति.
तिला तेल लावू नये असा काही नियम नाही.
लावलं.

परत येऊन पेनाचं टोपण काढलं
तर माझाच अंगठा रकान्यात आधी उमटलेला, तेलाचा,
त्यावर शाई धरेना.

नवा अर्ज आणायला हवा, पुन्हा सही, पुन्हा जबाब.
म्हणजे पुन्हा ती घाटी चढून वर,
आणि सोलं तोवर वाळलेली असतील.