सहकुटुंब

गुरुवारी दुपारी रिकाम्या सभागृहात
मी एकटीच बसते, मांडीवर वही, दातांत पेन्सिल.
शनिवारच्या खेळाला मुलं आणावीत की नाही
हे आमच्या गोराझ्देत मी ठरवते.
हा अधिकार मला कुणी दिला नाही.
आधीचा व्यवस्थापक मुलीकडे लिंझला निघून गेला,
आणि किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर हेही माझ्याकडे आलं.

रक्त नऊ वेळा, बहुतेक चिखलात मिसळलेलं.
शिव्या तेवीस,
त्यातल्या पाच आमच्याकडे लाडाने देतात.
एक चुंबन, स्टेशनवर, घाईतलं.
हेलिकॉप्टर कोसळतं तेव्हा खुर्च्या थरथरतात,
चौथ्या रांगेतली खिळखिळी जरा जास्तच.
लिहिलं : बारा वर्षांखालील मुलांसोबत मोठं माणूस हवं.

मग खोडलं.

कारण या सिनेमात मरणारा प्रत्येक जण
शेवटचं वाक्य पूर्ण करूनच मरतो.
आणि सव्वादोन तासांत
एकालाही तहान लागत नाही.
आम्ही पुलाखाली, द्रिनाच्या धारेत,
पिंपं आणि फळ्या बांधून चाकं सोडली होती,
कपडे धुण्याच्या यंत्रांच्या मोटारी लावून.
एक दिवा पेटेल एवढी वीज यायची.
त्या दिव्याखाली माझी बहीण वर्गमुळं काढायला शिकली,
आणि नदीला पाणी कमी झालं की उत्तर अर्धंच राहायचं.

पण याला वहीत रकाना नाही.
खोडलेलं पुन्हा लिहिलं, या वेळी शाईने.

शनिवारी टायरवाला रिफेत आला.
सोबत वेदाद, अकरा वर्षांचा, टाचा उंचावून उभा,
आणि आयना, जिला फक्त पॉपकॉर्न हवं होतं.
"याला चालेल का गं, मेव्हलिदा? खरं सांग."
मी सांगितलं. रक्त, शिव्या, स्टेशनवरचं ते एक.
"बंदुका?"
"भरपूर."
"आणि आवाज?"

खिडकीच्या काचेला एक भोक आहे बोलण्यापुरतं,
त्यातून मी पाहिलं :
नोटा मोजणारा त्याचा अंगठा
एकाच नोटेवर अडकला होता.

"बाबा, वर्गातल्या सगळ्यांनी बघितलाय,
काही होत नाही," वेदाद म्हणाला.
त्याला काही होणार नव्हतं, ते दिसतच होतं.
तो पुढे सरकून बसेल,
घरी जाताना काठीने भिंतींवर गोळ्या झाडेल,
भोकं तर तिथे आयतीच आहेत.

"रिफेत, रस्ते बंद झाले तेव्हा
कितीचा होतास रे तू?"

तो उगाच आयनाची टोपी नीट करत राहिला.
"नऊचा."

नियम मीच लिहिलेला, शाईने.
तीन तिकिटं फाडली, तिन्ही वेदादच्या हातात दिली.
"बाबांच्या शेजारीच बस," म्हटलं,
"मध्येच उठायचं नाही."
त्याने मान डोलावली, जबाबदार माणसासारखी,
का ते न विचारता.

एकाहत्तराव्या मिनिटाच्या जरा आधी
मी वर गेले आणि आवाजाचं बटण
दोन घरं मागे फिरवलं.
हेलिकॉप्टर कोसळलं, दूर कुणाच्या तरी शेतात पडावं तसं.
चौथ्या रांगेतली खुर्ची गप्प राहिली.
वेदादने वळून वर पाहिलं, वैतागून.
रिफेतने पाहिलं नाही. तो वाकून
आयनाच्या पुड्यात हात घालत होता,
तळाशी काही उरलंय का ते बघत.