दोन खिशांचा एप्रन

टोपलीत आमच्या गल्लीतली दोन नावं होती,
येंदुबेचं आणि माझं.
त्याचं निघालं.

लोखंडी फाटकं करणारा माणूस, हातभर ठिणग्यांचे डाग,
पुढचे बारा दिवस धुतलेला सदरा घालून
मोटारसायकल-टॅक्सीच्या मागे बसून वर्गाला जायचा.
जानेवारीत लोमेवर वाळवंटाची धूळ उतरते.
त्याच्या कोऱ्या वहीवरही बसत असणार.
मी गणवेशांच्या बाह्या जोडत होते.

आमच्यात एक भिंत, तीही पत्र्याची.
तेव्हा पलीकडून हातोडा कमी, पाठांतर जास्त:
"हा पैसा धंद्याचा. हा घराचा.
हा धंद्याचा. हा..."
"आणि रॉकेलचा कुणाचा?" त्याची बायको.
मग बराच वेळ काहीच नाही.

मला हसू आलं.
माझा एकच डबा, दूध-पावडरीचा.
शाळेची आगाऊ रक्कम, पोराची फी,
दिराच्या मयताला काढून ठेवलेले पाच हजार,
सगळे त्यात एकमेकांना टेकून झोपायचे.
मी आपली आंधळं दळत होते,
पीठ कोण खातंय ते बघायला मान वळवत नव्हते.

तेराव्या दिवशी तो आला.
"एप्रन शिव. दोन खिसे. निळा धंद्याचा, लाल घराचा."
म्हटलं, पाचशे फ्रँक.
"कापड किती? दोरा किती? तुझे तास किती?"
माझाच खडू घेऊन त्यानं माझ्याच टेबलावर बेरीज मांडली:
साडेसहाशे.
"मग देतोस साडेसहाशे?"
पाचशे दिले. उरलेले लिहून ठेव म्हणाला.
माझ्या वहीतली ती पहिली ओळ.
वही त्या दुपारी आणली.
आणि उरलेल्या तुकड्यांतून दुसरा एप्रन, माझ्या मापाचा.

वर्षभरात त्यानं खिडक्या सोडल्या,
खिडकीत तोटा होता, सहा वर्षं होता.
आता फाटकावर मालकाचं नाव वाकवून देतो,
लोक पलीकडच्या वस्तीतून येतात.
मालाच्या हिशेबात चार कामगार बसेनात,
म्हणून मावसभावाचा पोरगा, लारे, गेला.
मोटारसायकल चालवतो हल्ली.
आमच्या गल्लीत शिरताना हॉर्न देत नाही.

सहा महिन्यांनी एकदा टॅबलेटवाली बाई येते.
"प्रशिक्षण घेतलंत?"
"नाही."
"गेल्या महिन्याचा नफा?"
"एकोणचाळीस हजार दोनशे."
तिनं मान वर केली. पूर्वी मी म्हणायचे, देवाला ठाऊक.
"नक्की, प्रशिक्षण नाही?"
"चिठ्ठीच निघाली नव्हती."
एप्रन अंगावरच होता. त्याचा रकाना नव्हता.

येंदुबेनं मग समजावलं:
न शिकलेल्यांत तू, शिकलेल्यांत मी,
दोघांमधलं अंतर म्हणजे त्या वर्गाची किंमत.
"म्हणजे मी जितकी शहाणी होईन
तितका तू कमी शिकलास?"
तो इतका हसला की वेल्डिंगचा चष्मा कपाळावरून घसरला.
मग गप्प झाला, आणि कामाला लागला.

निळा खिसा अजून सरळ आहे.
लाल तीनदा उसवला. एकदा फीला, एकदा तापाला,
एकदा नुसताच, हात सारखा तिथेच जातो म्हणून.
शिवला मीच.
दोरा धंद्याचा होता.
तो कुठल्या बाजूला लिहायचा,
पत्र्यावर टकटक करून विचारायचं राहिलंय.