प्यानो, प्यानो

पणजोबांच्या कागदावर उंची पाच फूट चार,
छाती बत्तीस, फुगवून चौतीस.
ओळखीची खूण: डाव्या भुवईवर व्रण.
धंदा: सुतार.
हे खोटं. सूसला त्यांच्याकडे बाजरी होती आणि दोन बैल.
भरतीच्या रांगेत पुढचा म्हणाला सुतार,
म्हणून हेही म्हणाले सुतार.
सुताराला महिन्याला चार रुपये जास्त.

गेणू राणोजी चांदेरे, सॅपर, खडकी.
चारित्र्य: उत्तम.
आणि तळाशी, वेगळ्या शाईत:
एक ब्लँकेट हरवले. साडेसात रुपये पगारातून कापले.

बोपोडीच्या झेरॉक्सवाल्याने कागद उजेडात धरला,
घड्यांवर फाटलाय, म्हणाला, लॅमिनेट करून टाका.
मी नको म्हटलं. का, ते सांगता आलं नाही.

ते इटलीत होते, एवढंच घरात माहीत.
पूल जोडायचे रात्री, दिवा न लावता,
हातोड्याला पोतं गुंडाळून.
तिकडे कसं होतं विचारलं की म्हणायचे,
चिखल आपल्यासारखाच. गार जास्त.

परत आले ते दारूगोळ्याच्या कारखान्यात लागले,
खोकी ठोकायला. आता खरंच सुतार.
टाकाऊ फळ्यांचा एक पाट केला,
तो अजून आहे. पालथा केला की काळी अक्षरं:
लॉट ११४. कोरडे ठेवा.
माझ्या बापाला, आत्याला, मला
त्याच पाटावर पाय पसरून
न्हाऊ घातलं.

ते कधी गवतातून चालले नाहीत.
चालावंच लागलं तर काठी आधी,
मग पुढच्याच्या पावलात पाऊल.
मुळेच्या काठाला पोरं उंडारली की ओरडायचे नाहीत,
जागच्या जागी थिजायचे,
आणि अगदी खालच्या आवाजात:
प्यानो, प्यानो.

तो शब्द घरात राहिला.
बशीतला चहा गरम असला, प्यानो.
बैल उताराला लागले, प्यानो.
आजी नवी सून होऊन आली, आठवड्यात तीही म्हणू लागली.
मी शाळेत म्हटला तर बाई हसल्या,
म्हणाल्या, ते वाद्य असतं, पेटीच्या थोरल्या बहिणीसारखं.
मग आम्ही ठरवून टाकलं,
तिकडे कुठेतरी ऐकलं असेल त्यांनी वाजताना.

मागच्या वर्षी कॉलवर एक बाई होती, बोलोन्याची.
फाइल उघडेना, मी एकावर एक बटणं दाबत होते.
ती म्हणाली, प्यानो, प्यानो.
मी विचारलं, म्हणजे?
म्हणजे हळू, म्हणाली. सावकाश.

मी माइक बंद केला.

कोण म्हणालं असेल त्यांना?
पोटावर पडून, संगिनीचं टोक तिरकं खुपसत
वीत वीत पुढे सरकताना
उंबऱ्यातून बोट दाखवणारी एखादी म्हातारी,
जिने पेरणाऱ्यांना पेरताना पाहिलं होतं?
की ते स्ट्रेचर उचलत होते
आणि स्ट्रेचरवरचाच कोणी म्हणाला?
ब्लँकेट कोणावर राहिलं?
साडेसात रुपये.
मी यातलं काही ठरवणार नाही.

आत्या मात्र एक सांगते.
ती आठ वर्षांची, तो रविवार,
होळकर पुलाजवळ सोल्जरांची थडगी आहेत तिथे
तात्या तिला घेऊन गेले होते.
आत हिरवळ, कंगव्याने विंचरल्यासारखी.
फाटकातच त्यांनी चपला काढल्या,
आणि उभे. किती वेळ, तिला आठवत नाही.
ऊन पायावरून सरकून भिंतीवर गेलं.
शेवटी माळी आला, काय पाहिजे बाबा, म्हणाला.
तात्यांनी विचारलं,
हे गवत कोणी तपासलंय का?
माळी म्हणाला, कालच कापलंय की.

मग ते आत गेले,
आत्याला कडेवर घेऊन,
माळ्याच्या पावलात पाऊल ठेवत.