साल

जूनच्या शेवटी दहा-बारा दिवसच
बर्च आपणहून साल सोडतो.
त्याआधी ओढाल तर फाटते,
नंतर ती खोडाला धरून बसते, हट्टी.
हे मला बाबांनी शिकवलं,
पिएलिनेन तळ्याच्या काठी, मी नऊ वर्षांची,
सुरी माझ्या मुठीत
आणि माझी मूठ त्यांच्या मुठीत.
"खोल नाही, तुइया. वरची पांढरी आपली.
आतली तपकिरी त्याची, तिला धक्का लावायचा नाही."

जाळ्याच्या वरच्या दोरीला सालीच्या गुंडाळ्या,
खालच्या दोरीला सालीत शिवलेले दगड.
तीच तरंगवते, तीच बुडवते,
मधल्यामध्ये जाळं उभं राहतं
आणि त्यात मासे येतात.

एप्रिलमध्ये खोडाला भोक, भोकाखाली बादली.
थेंब, थेंब. बर्फ अजून गुडघाभर.
पाण्यासारखंच पाणी,
जिभेला उशिरा कळणारी गोडी.
आई म्हणायची, हे काय, पाणीच तर आहे,
आणि दुसरा पेला भरून घ्यायची.
उन्हाळ्यात सौनाच्या वाफेत
कोवळ्या फांद्यांची जुडी पाठीवर सपसप,
एखादं पान मानेला चिकटून
दुसऱ्या दिवशी शाळेत यायचं माझ्याबरोबर.
आणि थंडीत चुलीला आधी साल.
भिजलेली असली तरी पेटते ती,
काळा धूर काढत, तडतडत,
कुणावर तरी चिडल्यासारखी.

बाबा आता एक्क्याऐंशीचे.
मला पोस्टातली बाई समजतात,
अदबीनं खुर्ची देतात.
"घरी कोण कोण असतं तुमच्या?"
वडील आहेत, मी सांगते.
"बरे आहेत ना?"
बरे आहेत.

ऑक्टोबरात त्यांना रानात फिरवून आणत होते.
वाटेत आडवा पडलेला बर्च,
पांढराशुभ्र, काळ्या आखूड रेघांसकट,
जणू आत्ताच टेकलाय.
ओलांडायला पाय ठेवला
तो घोट्यापर्यंत आत गेला.
लाकूड केव्हाच संपलेलं.
ओला लालसर भुसा, मुंग्या,
आणि साल तेवढी
अजून झाड होऊन पडलेली.

बाबा हसले, पोटभर.
मग वाकले. मला वाटलं तोल गेला.
"साल घ्या, बाई. साल चांगली आहे."
मी बुटातला भुसा झटकून सुरी काढली,
त्यांनी माझ्या मुठीवर मूठ ठेवली.
"खोल नाही."
आत जपायचं काहीच नव्हतं.
तरी आम्ही हळूच कापत गेलो,
वरवर, वरवर,
पट्टी सुटत आली सरळ, हातभर लांब.

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर
त्यांची बोटं न विचारता चालू लागली.
दुमड, वळव, टोक आत खोच.
एकही चूक नाही.
दिवा लावेपर्यंत नऊ गुंडाळ्या झाल्या.
त्यांनी त्या ओळीनं मांडल्या आणि माझ्याकडे पाहिलं,
आता जाळं आण म्हणून.

जाळं आम्ही विकलं, त्याला चार वर्षं झाली.