किल्ल्या

दफनानंतर तिसऱ्या दिवशी आईने
बाबांचा जुडगा स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला.
सतरा किल्ल्या. एकीलाही चिठ्ठी नाही.
कुठली कशाची हे एकाच माणसाला ठाऊक,
आणि तो आता गावाबाहेर गोठलेल्या मातीत,
जी खणण्याआधी दोन रात्री निखारे ठेवून
मऊ करावी लागली होती.
आपल्यापायी कुणी रात्रभर जागलं,
हे बाबांना मुळीच आवडलं नसतं.

ऑर्व्हिल नीगार्ड, वय एक्याऐंशी, नॉर्थ डकोटा,
शाळेच्या बसचे निवृत्त चालक.
पेपरात पुढे छापलं होतं : चर्चचा आधारस्तंभ.
खांब म्हणे!
खांब एका जागी उभा असतो.
बाबा जेवायलासुद्धा धड बसायचे नाहीत.
काटा हातात, नजर खिडकीबाहेर,
कुणाच्या धुराड्यातून आज धूर नाही ते बघत.
जेवणाआधीची प्रार्थना आजोबांच्या नॉर्वेजियनमध्ये,
इतकी भरभर, की मला लहानपणी वाटायचं
देवालाही कुठेतरी जायची घाई असते.

दुपारनंतर माणसं येऊ लागली.
एडना सोल्बर्ग काठी टेकत आली,
चष्मा न लावता नेमकी पितळी किल्ली उचलली :
"माझ्या तळघराची. दर नोव्हेंबरात भट्टी पेटवून जायचा.
पैशाचं नाव काढलं की बहिरा व्हायचा."
शाळेचा शिपाई बस-शेडची घेऊन गेला.
मांसाच्या कारखान्यातला वार्समे दारातच थांबला,
बर्फाचे बूट काढू की नको या विचारात.
म्हणाला, "आम्ही सोमालियातून आलो त्या आठवड्यात
त्यांनी खाट आणून दिली.
कुठे लावू ते नाही विचारलं.
विचारलं, तुम्ही नमाज कुठल्या दिशेला पढता?
मग तेवढी भिंत मोकळी सोडली."
त्याची किल्ली त्याने परत घेतली नाही.
"असू द्या तुमच्याकडे," म्हणाला. "मुलं दार ओढून घेतात."

चर्चची किल्ली सगळ्यात झिजलेली.
तिच्याबद्दल पाद्री बरंच बोलले. भक्ती, सेवा, निष्ठा.
आई मान डोलवत राहिली.
मला मात्र ते वर्ष आठवत होतं.

लायल तळ्यावरच्या बर्फातून खाली गेला, एकोणीस वर्षांचा,
ते वर्ष.
त्या वर्षी बाबा चर्चच्या आत गेले नाहीत.
ना ख्रिसमसला, ना ईस्टरला.
आई आम्हा दोघींना घेऊन पुढच्या बाकावर बसायची,
शेजारची जागा हातमोजे ठेवून राखायची.
पण हिवाळाभर, दर रविवारी, पहाटे पाचला,
फावड्याचा खर्र खर्र आवाज.
पायऱ्या झाडलेल्या, मीठ टाकलेलं,
म्हाताऱ्यांसाठी कठड्यावरचा बर्फ हाताने पुसलेला.
देवाशी बोलणं बंद होतं,
त्याच्या दारातलं काम बंद नव्हतं.

मग एका रविवारी येऊन बसले.
आईने हातमोजे उचलले. एवढंच.
कुणी वळून पाहिलं नाही, हीही गावाची एक सेवाच.
पहिल्याच स्तोत्राला बाबांचा सूर नेहमीसारखा चुकला
आणि आईने, वर्षभरात पहिल्यांदा,
त्यांना कोपराने ढोसलं.

संध्याकाळपर्यंत टेबलावर तीन किल्ल्या उरल्या.
वार्समेची. चर्चची, जी पाद्री विसरले,
किंवा मुद्दाम ठेवून गेले.
आणि एक अगदी छोटी, सायकलच्या कुलपाची असावी तशी.
आईने ती एप्रनच्या खिशात टाकली
आणि कॉफीचं भांडं विसळायला घेतलं.
मी विचारलं नाही.

रात्री भुरभुर सुरू झाली.
मी मिनिआपोलिसला राहते. पंचवीस वर्षांत
लग्नं आणि मयती सोडून चर्चमध्ये गेलेले नाही.
आईला हे माहीत आहे.
जिन्यात थांबून तिने दिव्याचं बटण बंद केलं
आणि अंधारातून म्हणाली,
"फावडं गॅरेजच्या दारामागे आहे.
पाचचा गजर लाव."