फक्कीची रेघ

ढोबळे सर परत आले, पण असिस्टंट म्हणून,
ही बातमी उईकेच्या पानठेल्यावर
चुन्याच्या आधी पोचली.

"काऊन घेतलं बे त्याले?"
गुणवंतनं सुपारी कातरता कातरता विचारलं.
"सेमीफायनलच्या आदल्या राती
अमरावतीले पयाला होता,
संग आपला सेटरही नेला."
"नेला तं नेला," अफसर म्हणाला,
"ढाल कोनं आनली होती? तुह्या मामानं?"

लगेच दोन टीम पडल्या.
मधे नेट नव्हतं, इतकंच.

ढाल अजून प्रिन्सिपलच्या कपाटावर आहे.
तिच्यावर बारा नावं.
तेरावा मी:
पाणी, टॉवेल, बॉलमध्ये हवा.
सर मला नावानं कधी बोलवत नसत,
पंप म्हणत.

मी काही बोललो नाही.
कोणी विचारलंही नव्हतं.

सकाळी दूध घालायला निघालो तर
ग्राउंडवर धुकं,
आणि मफलर बांधलेला म्हातारा
सुतळी ताणून फक्कीची रेघ मारतोय.
दुसरं टोक धरायला कोणी नाही,
तिथे चप्पल, चपलेवर वीट.
हेड कोच आता त्यांचाच चेला, कवडू,
तो नऊला येतो, बुलेटवर.

वीट सरकली. रेघ वाकडी गेली.
त्यांनी वर पाहिलं, ओळखायला जरा वेळ लागला.
"अबे पंप," ते म्हणाले,
"धर."

संध्याकाळी ठेल्यावर गुणवंत म्हणाला,
"तू कोन्या बाजूनं बे?"

मी हातावरची फक्की
पँटला पुसली.