पाणी प्यायलेली गाडी

इलियासभाईंनी बिडीच्या पाकिटामागे हिशोब मांडला.
रिंग, पिस्टन, बेल्ट, कार्बोरेटर, मागचं टायर,
सायलेन्सर, सीटचं कव्हर, हॉर्न,
मजुरी धरून नऊ हजार आठशे.
मग बिडी न पेटवताच म्हणाले,
"बेन, आ तो पाणी पीधेली गाडी छे."

प्यायली आहेच.
त्या वर्षी विश्वामित्री आमच्या सोसायटीत
तीन दिवस मुक्कामाला होती,
आणि ही जिन्याखाली, हँडलपर्यंत पाण्यात.
हेडलाइटच्या काचेत अजून गाळाची एक रेघ आहे,
आतून. बाहेरून कितीही पुसा.

अलकापुरीतल्या शोरूममधल्या मुलानं
एसीत बसवलं, थंड पाणी दिलं.
जुनीचे साडेचार हजार धरतो म्हणाला,
तेही तुम्ही आहात म्हणून.
नवीचा हप्ता तीन हजार दोनशे दहा, छत्तीस महिने.
मी मनातल्या मनात नळ्यांत मोजलं.
घरी जाऊन एक सॅम्पल आणलं की मला पन्नास.
म्हणजे चौसष्ट दंड, चौसष्ट शिरा
महिन्याला निव्वळ गाडीच्या नावानं,
आणि वर दहा रुपये.

पहाटे साडेपाचला निघते मी.
पायाशी डबा, त्यात बर्फाच्या पिशव्या.
दांडिया बाजार, रावपुरा, मग खारीवाव रोड,
दाराआड उपाशीपोटी बसलेली माणसं.
नऊ किका. थंडीत अकरा.
आधी डावीकडे कलवायची,
किल्ली उलटी लावायची,
चोक ओढायचा,
आणि तिला काही म्हणजे काही बोलायचं नाही.

रेवती म्हणते, आई, विजेवरची घे, आवाजच नसतो.
चार्जिंगची वायर
तिसऱ्या मजल्यावरून खाली सोडायची आहे.
मधे दुसऱ्या मजल्यावर
सोसायटीचे सेक्रेटरी राहतात,
हे रेवतीच्या हिशोबात नाही.

ज्यांचं रक्त काढते त्यांचे रिपोर्ट मीच पोचवते.
बाणच बाण असतात त्यांत, वर, खाली.
तरी डॉक्टर लिहितात, चालू ठेवा.
आता कुणी इथे उपमा द्यायला निघालं असेल
तर थांबा जरा.
माणूस आपण दुरुस्त करतो
कारण दुसरा मिळत नाही.
गाडी दुसरी मिळते.
तोच तर सगळा घोळ आहे.

"इलियासभाई, तुमची असती तर काय केलं असतंत?"
त्यांनी हात पुसले, बराच वेळ पुसले.
"मारी पासे तो सायकल छे."

मग मीच त्यांच्या कानावरची पेन्सिल मागितली.
सीटचं कव्हर खोडलं. साडेपाचशे.
फाटलेल्यावर रेवतीची जुनी ओढणी बांधेन.
टायरवर पेन्सिल थांबली, पण टायर राहू दिलं.
हॉर्न खोडला. साडेतीनशे.
पहाटे साडेपाचला
हॉर्न वाजवायचा तरी कुणाला?
आठ हजार नऊशे.
आणि पोस्टात महिन्याला हजार,
नवीसाठी, ती येईल तेव्हा येईल.
शोरूमच्या मुलाचे तीन मिस्ड कॉल होते.
बिचाऱ्याला टार्गेट असणार.

सोमवारी एका किकमध्ये सुरू झाली.
मी दचकलेच.
गेटपाशी झोपलेल्या कुत्र्यानं
आज मानसुद्धा वर केली नाही.
खारीवावपर्यंत
बर्फाच्या पिशव्यांचा खुळखुळाट तेवढा ऐकू येत होता.
इतकी वर्षं तो होता, हे मला माहीतच नव्हतं.

पोतनीसकाकांची बेल दाबली.
दर सोमवारी ते बाही वर करूनच दार उघडतात.
आज बाही खाली,
हातात अर्धा कप चहा,
मिशीला खारीचा चुरा.

"तुम्ही येणार नाही वाटलं," म्हणाले.
"गाडी वाजली नाही."

उपाशीपोटीचं सॅम्पल गेलं.
पन्नास रुपये गेले.
उद्या येते, म्हटलं. आता तरी काही खाऊ नका,
म्हणणार होते, पण ते उद्यासाठी ठेवलं.

"चालेल," काका म्हणाले,
"फक्त वळणावर
एकदा हॉर्न द्या."